विंचूदंश-संशोधन, महाड–पोलादपूर

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाड व पोलादपूर तालुक्यांत १९७६ पासून झालेले लाल विंचवाच्या दंशावरील वैद्यकीय संशोधन आणि त्यातून सिद्ध झालेली उपचारपद्धती. डॉ. हिंमतराव बावसकर (जन्म १९५१) आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर हे या कामाचे प्रमुख कर्ते. रक्तदाबावरची एक साधी गोळी विंचूदंशाच्या रुग्णाला वाचवू शकते, हे जगाला या दोन तालुक्यांतून कळले. गोळीचे श्रेय सगळेच देतात. त्याआधीची काही वर्षे खाटेशेजारी बसून कोणते लक्षण कोणत्या लक्षणानंतर येते याची नोंद ठेवली गेली, ते काम मात्र अधिक मोलाचे मानावे लागते. त्या क्रमातूनच गोळी सुचली.

प्रदेश : महाड सावित्री नदीकाठी वसले आहे. नदीच्या वरच्या अंगाला पोलादपूर. तिथून एक वाट आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढते आणि दुसरी कशेडी घाटाने खेडकडे उतरते. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. घरांना गडग्यांची सोबत, कौलांखाली लाकडी वासे, पडवीत सरपण आणि गोवऱ्या, मागीलदारी पेंढ्याची उडवी. लाल विंचवाला याहून सोयीची जागा नाही. राब भाजणी, पावसाआधीची शाकारणी, सरपण आत घेणे ही उन्हाळ्याच्या अखेरची कामे आणि दिवाळीच्या सुमाराची भातकापणी, या दोन्ही वेळी माणसाचा हात किंवा अनवाणी पाय त्याच्या वाट्याला जातो. पहिल्या पावसाने बिळात पाणी शिरले की विंचू स्वतःच घरात येतो. तो निशाचर असल्याने बरेचसे दंश रात्रीचे, म्हणजे वाहन मिळणे सर्वांत अवघड असते त्या वेळचे.

लाल विंचवाचे शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस. जुन्या लिखाणात तो मेसोब्युथस टॅम्युलस किंवा ब्युथस टॅम्युलस या नावांनी येतो. रंग तांबूस-तपकिरी, नांग्या बारीक आणि शेपूट जाड. हाताच्या पंजाएवढा काळा विंचू पाहून लोकांची गाळण उडते, पण त्याच्या नांग्या जाड असतात आणि विष तुलनेने सौम्य. बारीक नांग्यांचा, दिसायला किरकोळ विंचूच जीव घेतो. भीतीचा आणि धोक्याचा मेळ इथे बसत नाही, आणि लोकशिक्षणाची पहिली अडचण हीच होती.

विषाची क्रिया : विषातील छोटी प्रथिने चेतातंतूंवरील सोडियमच्या वाहिन्या वेळेवर मिटू देत नाहीत. तंतू सारखे उद्दीपित होत राहतात आणि शरीराच्या स्वायत्त चेतासंस्थेत अक्षरशः वादळ उठते. आधी उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ आणि मुलग्यांत व पुरुषांत शिश्न ताठरणे. त्यानंतर ॲड्रिनॅलिन व नॉरॲड्रिनॅलिनचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो. आकसलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी साचते. खोकल्याबरोबर गुलाबी फेस येऊ लागला म्हणजे वेळ फार थोडा उरला आहे.

यातली एक गोष्ट नवख्या डॉक्टरला हमखास चकवते. ठणका असह्य आहे, रुग्ण ओरडतो आहे, पण घाम नाही, उलटी नाही, असा रुग्ण बहुधा सुखरूप असतो. दंशाच्या जागी फारसे दुखत नाही, मूल गप्प आहे, कपाळ घामाने डबडबले आहे आणि तळपाय गार आहेत, तर ते मूल संकटात असते. उपचार लागू पडला की दंशाच्या जागी पुन्हा ठणका सुरू होतो, आणि तो सुधारणेची खूण समजला जातो.

पूर्वस्थिती : विंचूदंशाने हृदय व फुप्फुसे निकामी होऊ शकतात हे अगदीच अज्ञात नव्हते. पी. एम. मुंडले यांचे विंचूदंशावरील टिपण १९६१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले होते. त्रिनिदादमध्ये पून-किंग यांनी आणि इस्राएलमध्ये ग्वेरोन यांनी त्याच दशकात हृदयावरील परिणामांचे वर्णन केले. पण हे ज्ञान प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचलेले नव्हते. पाठ्यपुस्तकांत विंचूदंशाला जेमतेम जागा होती. उपचार म्हणून स्टिरॉइड, ॲलर्जीवरची इंजेक्शने, अट्रोपिन, गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण असे हाताला येईल ते दिले जाई. अट्रोपिनने घाम सुकतो आणि डॉक्टरला बरे वाटते, पण आधीच धावणारे हृदय आणखी पळू लागते. शिरेतून बेताबाहेर सलाइन दिले तर भरत चाललेल्या फुप्फुसात आणखी भर पडते. वाडीवर विंचू उतरवणारा असेच. ज्याच्या अंगात विष भिनलेले नाही असा रुग्ण त्याच्याकडे आपोआप बरा होई आणि मंत्राची कीर्ती वाढे. निम्म्याहून अधिक रात्र तिथे गेल्यावर मग दवाखाना आठवे. १९६१ ते १९८३ या काळात गंभीर विंचूदंशाच्या, इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, असे बावसकर नोंदवतात.

बिरवाडीची नोंदवही : बावसकर मूळचे आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. मोलमजुरी करत शिकून त्यांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. ते रायगड झाले १९८१ मध्ये. घाम, उलटी, गार हातपाय आणि मग फुप्फुसात पाणी, या एकाच वाटेने रुग्ण दगावताना पाहिल्यावर त्यांनी रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, श्वास व हातापायांची ऊब तासातासाला टिपायला सुरुवात केली. केंद्रात साधने तुटपुंजी होती. रक्तदाबमापक, स्टेथोस्कोप आणि हाताचा स्पर्श, एवढ्यावर काम भागवायचे होते. १९७७ मध्ये इंडियन हार्ट जर्नलमध्ये त्यांचे पहिले टिपण आले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. करून ते पुन्हा याच भागात परतले. शहरात राहण्याची मुभा असताना परतणे हा या कथेतला निर्णायक टप्पा आहे, कारण हे रुग्ण पुण्याच्या वॉर्डात कधी पोचलेच नसते.

१९८२ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश नियतकालिकात त्यांचा लाल विंचवाच्या दंशानंतरच्या पूर्वसूचक लक्षणांवरील लेख आला. उलट्या, घाम, शिश्न ताठरणे आणि गार हातपाय ही लक्षणे हृदयाच्या संकटाची आगाऊ सूचना देतात, आणि सूचना व संकट यांमध्ये काही तास मिळतात, हे त्यात मांडले होते. ग्रामीण डॉक्टरला हवे होते ते हे काही तास.

प्राझोसिन : निदान स्पष्ट झाल्यावर प्रश्न सोपा झाला. वाहिन्या आकसल्या आहेत, तर त्या सैल करायच्या. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले गेले. ते गुणकारी, पण शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि रक्तदाब डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो. वीज गेलेल्या, एकच परिचारिका असलेल्या केंद्रात ते कसे जमावे? प्राझोसिन हे औषध रक्तदाबासाठी आधीपासून वापरात होते. ते रक्तवाहिन्यांवरील अल्फा-१ ग्राहक अडवते, म्हणजे विषाने उधळलेल्या नॉरॲड्रिनॅलिनला जिथे चिकटायचे असते तीच जागा बंद करते. शिवाय तोंडाने देता येते. १९८४ पासून त्याचा वापर सुरू झाला आणि १९८६ मध्ये बावसकर दांपत्याचे त्यावरील टिपण लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर त्यांच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरले.

पद्धत अशी : दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम प्राझोसिन, आणि हातपाय कोमट होईपर्यंत दर तीन तासांनी तेवढाच डोस. पोटात हळूहळू विरघळणारी प्राझोसिनची गोळी इथे उपयोगाची नाही, साधीच लागते. डोस दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवायचे. मुलाला लघवीला नेण्यासाठीसुद्धा उभे करायचे नाही, कारण रक्तदाब एकदम कोसळतो. आईला हे सांगताना डॉक्टरला आवाज चढवावा लागतो, कारण मूल कळवळले की आई त्याला उचलून खांद्यावर घेतेच. उलट्या-घामाने गेलेले पाणी शक्यतो तोंडानेच भरून काढायचे. तळपायावर हात ठेवून ऊब किती वर चढली ते बघत राहायचे. या उपचारातले मुख्य मोजमाप तेच आहे, आणि ते करायला यंत्र लागत नाही.

गंभीरतेचे चार टप्पे मानले जातात : पहिल्यात फक्त वेदना, दुसऱ्यात स्वायत्त चेतासंस्थेचे वादळ, तिसऱ्यात गार हातपायांसह फुप्फुसात पाणी, चौथ्यात रक्तदाब कोसळलेला पण हातपाय उबदार. चौथ्या टप्प्यात प्राझोसिनचा उपयोग उरत नाही.

प्रतिविष : प्राझोसिन विषाचा परिणाम रोखते, विष निष्प्रभ करत नाही. ते काम प्रतिविषाचे. चिपळूणचे डॉ. विवेक नातू व सहकाऱ्यांनी आणि महाडला बावसकरांनी स्वतंत्रपणे विंचवाच्या प्रतिविषाची परीक्षा केली. महाडच्या बावसकर रुग्णालयातील चाचणी २०११ च्या जानेवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. दुसऱ्या टप्प्यातील ७० रुग्ण चिठ्ठ्यांसारख्या यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटले गेले. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसते प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी आठ. ज्या गोळीने नाव मिळवून दिले तिच्या मर्यादा त्याच डॉक्टरने स्वतःच्या हाताने मोजून छापाव्यात, ही घटना वैद्यकात रोज घडत नाही. चाचणी एकाच रुग्णालयातली होती आणि कोणाला काय दिले हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते, हा तिच्यावरचा आक्षेप रास्त आहे. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेतील मुलांवरच्या २०१४ च्या चाचणीतही एकत्र उपचारच सरस ठरला. तरीही प्रतिविष महाग असते आणि सर्वत्र मिळत नाही, त्यामुळे पहिला डोस म्हणून गोळीची जागा कायम आहे.

शिक्षण : संशोधनाइतकेच श्रम ते पोचवण्यात गेले. प्रबंध लिहून कपाटात ठेवण्यापेक्षा नियतकालिकांना पत्रे आणि छोटी टिपणे पाठवण्याकडे बावसकरांचा कल राहिला. २०१२ मध्ये असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या नियतकालिकात त्यांनी विंचूदंशाचा अद्ययावत आढावा लिहिला. तो तालुक्याच्या डॉक्टरने हाताशी ठेवावा असाच आहे. वाडीवर सांगायच्या गोष्टी साध्या आहेत : चपला-बूट झटकून घालावेत, सरपणात व पेंढ्यात उघडा हात घालू नये, जमिनीवर झोपू नये, आणि घाम-उलटी दिसली की विंचू उतरवणाऱ्याकडे न थांबता दवाखाना गाठावा. यातले पहिले तीन लोकांना पटतात, पण पाळणे घरच्या परिस्थितीवर असते. खाट आणि बूट यांना पैसे लागतात. चौथ्यात खरा फरक पडला, कारण वाचलेली मुले त्याच वाड्यांत वाढताना दिसत होती.

इतर काम : मण्यारीच्या दंशावरील बावसकरांची निरीक्षणे याच धाटणीची आहेत. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, अंगावर धड खूण नाही, आणि थोड्या वेळाने पापण्या मिटू लागतात. पोटदुखी म्हणून त्याला परत पाठवले तर श्वास थांबतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार परिसरातील मूत्रपिंडविकार आणि तिथल्या पाण्यातील शिसे व कॅडमियम यांच्या संबंधावरही त्यांनी लिहिले. २०१३ मध्ये, रुग्ण तपासणीसाठी पाठवल्याबद्दल पुण्यातील एका निदान केंद्राकडून आलेला १२०० रुपयांचा धनादेश त्यांनी परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार नोंदवली. कट प्रॅक्टिस या उघड गुपितावर त्यामुळे जाहीर चर्चा झाली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे आत्मकथन. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सद्यःस्थिती : महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते, आशा कार्यकर्त्या गावोगाव आहेत, आणि मुंबई–गोवा महामार्गामुळे महाड पूर्वीइतके दूर राहिलेले नाही. पावसाळ्यात चित्र पालटते. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातील तळिये येथील आणि पोलादपूर तालुक्यातील दरडींनी रस्ते तुटले, महाड शहर पुराच्या पाण्यात गेले. अशा रात्री विंचू चावलेल्या रुग्णासाठी जवळचे उपकेंद्र हेच इस्पितळ ठरते. सर्पदंशाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. विंचूदंश त्या यादीत नाही. रुग्ण पुढे पाठवताना पहिला डोस गाडीत बसवण्याआधीच द्यावा, आणि दंशाची वेळ, डोसाची वेळ व त्या क्षणी हातपाय गार होते की कोमट, एवढे तरी चिठ्ठीवर लिहावे. पुढच्या डॉक्टरला तीन तासांचा हिशोब तिथूनच धरायचा असतो.