कुर्ल्याची पद्मिनी

कुर्ल्याहून घाटकोपरकडे जाणाऱ्या ज्या हमरस्त्यास मुंबईकर एके काळी आग्रा रोड म्हणत, त्याच्या कडेने गेल्या शतकाच्या मध्यास कारखान्यांची जी रांग उभी राहिली होती ती आता बहुतेक नाहीशी झाली आहे. तिच्या जागी काचेच्या दर्शनी भिंतींची दुकाने आणि उंच इमारतींच्या वसाहती आल्या आहेत, आणि पूर्वी येथे काय होते याची खूण म्हणून एखाद्या आडरस्त्याचे नाव तेवढे मागे उरले आहे. ‘प्रीमियर रोड’ हे त्यांपैकीच एक. पत्रांवरील पत्त्यांत ते रोज लिहिले जाते. परंतु ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीवरून ते पडले, तिच्या फाटकातून साडेतीन दशके जवळजवळ एकाच आकृतीची मोटार बाहेर पडत होती, आणि या शहरातील दोन पिढ्यांना ‘मोटार’ हा शब्द उच्चारताच प्रथम तीच आकृती डोळ्यांपुढे येत असे, हे त्या पत्त्यावर राहणाऱ्या कितीजणांना माहीत असेल कोण जाणे.

आग्रा रोडचे नाव पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग असे झाले, आणि त्या नामांतरात एक असा योग जुळून आला की तो कोणी बुद्ध्या जुळवला असेल असे मला वाटत नाही. १९६४ साली पंतप्रधानपदी आल्यानंतर शास्त्रीजींनी कुटुंबासाठी फियाट घेण्याचे ठरवले. किंमत १२,००० रुपये. पदरी रोख होते ७,०००. तेव्हा उरलेल्या ५,००० रुपयांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडे कर्जाचा अर्ज केला. कर्ज फिटण्यापूर्वीच जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे त्यांचे देहावसान झाले आणि राहिलेली बाकी ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून चुकती केली. ती गाडी दिल्लीतील त्यांच्या स्मारकात जतन करून ठेवलेली आहे, आणि ती जेथे तयार झाली तो कारखाना त्यांचेच नाव लाभलेल्या या रस्त्यावर होता. देशाच्या पंतप्रधानाने जी कर्ज काढून घ्यावी आणि त्याच्या माघारी पत्नीने जिचे देणे आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून फेडावे, ती वस्तू चैनीच्या सदरात कशी घालावी? फियाटचे आपल्या समाजातील स्थान याहून नेमके सांगणारी दुसरी हकीकत मला ठाऊक नाही.

या कारखान्याचे मूळ मात्र फियाटच्याही आधीचे आहे. सोलापूर येथे १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी रेल्वेच्या ठेकेदारीपासून आरंभ करून जहाज, विमान आणि मोटार ही वाहतुकीची तिन्ही साधने देशातच निर्माण करण्याचा ध्यास घेतला. सर विश्वेश्वरय्यांनी मोटारीच्या कारखान्याची योजना आधीच तयार केली होती. परंतु परकी सरकारला अशा उद्योगाची निकड वाटत नव्हती, किंबहुना न वाटण्यातच त्याचे हित होते. त्यात महायुद्ध आले. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारान्वये १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या डॉज आणि डिसोटो घराण्यातल्या, भारदस्त, रुंद आणि तहानलेल्या गाड्या होत्या. सरदार-जहागीरदारांच्या आणि बड्या व्यापाऱ्यांच्या दारात त्या शोभत, पण गिरगावातल्या किंवा सदाशिव पेठेतल्या वकिलाच्या अथवा डॉक्टरच्या दारात त्या मावणाऱ्या नव्हत्या. त्या दारासाठी जी गाडी हवी होती ती इटलीत घडत होती.

इटलीतील तोरिनो शहरी १८९९ साली निघालेल्या कंपनीच्या लांबलचक नावातील आद्याक्षरे जुळवून ‘फियाट’ हा शब्द झाला; आणि लॅटिन भाषेत त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ ‘असे होवो’, म्हणजे आपले ‘तथास्तु’, असा होतो. त्या कंपनीतील दान्ते जाकोसा या अभियंत्याची ख्याती अशी की लहान मोटार म्हणजे मोठ्या मोटारीची कापून धाकटी केलेली प्रत नव्हे, तिचा विचार मुळापासून निराळा करावा लागतो, हे त्याने प्रत्यक्ष घडवून दाखवले. ज्या १०८९ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी एंजिनाने पुढे मुंबईचे रस्ते अर्धे शतक तुडवले, ते १९३७ च्या एका गाडीत प्रथम बसवले गेले होते. आणि १९५३ साली जाकोसाच्याच देखरेखीखाली जी नवी ‘अकराशे’ निघाली, जिला इटालियन लोक ‘मिल्लेचेंतो’ म्हणत, तीत निराळा सांगाडा नसून गाडीचे कवच हाच तिचा सांगाडा होता. घर बांधताना खांब वगळून भिंतींवरच सारा भार तोलावा तशी ही रचना. तीमुळे गाडी हलकी झाली, आणि हलकी झाल्यामुळे लहान एंजिन तिला पुरेसे झाले.

ती गाडी १९५४ साली कुर्ल्यास आली. त्याआधी येथे फियाटच्या काही लहान गाड्या जोडल्या गेल्या होत्या खऱ्या, पण मांड बसली ती या अकराशेची. वालचंद शेठजींचे निधन १९५३ साली झाले, म्हणजे ज्या गाडीने त्यांच्या कारखान्याचे नाव घरोघरी नेले ती त्यांना पाहावयास मिळाली नाही. तिच्या येण्यास सरकारी धोरणाचेही साहाय्य झाले. तयार मोटारींची आयात १९४९ पासून बंद होती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून असे ठरले की सुटे भाग परदेशातून आणून नुसती जोडणी करणाऱ्यांना येथे थारा नाही, ज्यांची भाग येथेच घडवण्याची तयारी असेल त्यांनीच राहावे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून मुंबईत जोडणी करीत असलेल्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही बलाढ्य कंपन्यांनी तेव्हा आपला गाशा गुंडाळला. उत्तरपाड्याची हिंदुस्थान, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर, एवढ्याच काय त्या मोटारींच्या बाजारात उरल्या.

पहिल्या अकराशेला मराठी माणसाने जे नाव दिले ते कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही. पुढे निमुळते होत गेलेले नाक, गोल पाठ आणि जमिनीलगतची चाल पाहून लोक तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणू लागले, आणि त्या नावात तुच्छता नसून लाड होता. तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असल्याने उलटे उघडत. लुगडे सावरीत उतरणाऱ्या प्रौढ स्त्रियांना ते फार सोयीचे पडे, असे माझी आजी सांगत असे. १९६४ साली ‘डिलाइट’ आली. तिचे दरवाजे सरळ उघडू लागले, अंग चौकोनी झाले, पाठीमागे दोन लहानसे पर उमटले, आणि तेथे काळ थांबला. त्या दिवसापासून शतकाच्या अखेरीपर्यंत जाळी बदलली, दिवे बदलले, नावे बदलली. देह तोच राहिला.

हे थांबणे ग्राहकाच्या दृष्टीने अन्यायाचे होते, यात मला मुळीच संदेह नाही. गाडीची किंमत सरकार ठरवी, उत्पादनाचा परवाना सरकार देई. अनामत भरून नाव नोंदवलेला मनुष्य वर्षानुवर्षे पाळीची वाट पाही, आणि वापरलेली गाडी कोऱ्या गाडीपेक्षा अधिक मोलाने खपे. कारखानदारांचाही सरकारशी तंटा चालू होताच. मोटारीची वाजवी किंमत कोणती हा प्रश्न १९७१ साली सर्वोच्च न्यायालयासमोर गेला आणि न्यायाधीशांना पोलाद, रंग आणि मजुरीच्या आकड्यांचा हिशेब तपासावा लागला. परंतु या कुंठित अवस्थेतून एक गोष्ट अशी निपजली की जी कोणाच्याही योजनेत नव्हती. गाडी बदलत नाही म्हटल्यावर तिचे ज्ञान साचत गेले. कारखान्यातला फिटर जे शिकला ते त्याच्या धाकट्या भावाने कुर्ल्याच्या गल्लीत गॅरेज घालून वापरले, तेथला पोऱ्या चिपळूणला किंवा जळगावला जाऊन उस्ताद झाला, आणि हळूहळू असे झाले की घाटमाथ्यावरच्या कोणत्याही वस्तीत रात्री बारा वाजता उठवलेल्या माणसाला फियाटचा कार्बोरेटर अंधारातसुद्धा खोलता येई. कारखान्याने गाडी विकली, पण तिची विद्या समाजाच्या मालकीची झाली. फियाटवरील प्रेमाचे कारण लोक तिच्या रूपात किंवा बालपणाच्या आठवणींत शोधतात. मला वाटते ते येथे आहे. जी वस्तू आपल्याला समजते, जिचे दुखणे आपण आपल्या हाताने बरे करू शकतो, तिच्याशी माणसाचे नाते निराळेच जडते.

इटालियन कंपनीशी असलेल्या परवान्याची मुदत संपल्यावर ‘फियाट’ हे नाव सोडावे लागले. थोडा काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ म्हणून पाहिले, आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव कायम झाले. चितोडच्या राणीचे हे नाव; पण संस्कृतात त्याचा पहिला अर्थ कमळवेल, कमळांनी भरलेले सरोवर, आणि कामशास्त्रकारांनी स्त्रियांच्या ज्या चार जाती कल्पिल्या त्यांतील सर्वश्रेष्ठ जातीचेही हेच नाव. यंत्राला इतके सुकुमार नाव आपल्याकडे क्वचितच मिळाले असेल. लोकांनी मात्र ते कागदोपत्री ठेवले. बोलण्यात ती ‘फियाट’च राहिली.

आमच्या मामांकडे एक होती, दुधी रंगाची. तिच्यात पुढे बसण्याचा मान मिळाला की पाहण्यासारख्या दोन गोष्टी असत. पहिली, दरवाजाच्या कोपऱ्यातली त्रिकोणी काच: ती बोटाने फिरवून वाऱ्याचा झोत हवा तसा अंगावर घेता येई, आणि उन्हाळ्यात तेवढाच विसावा. दुसरी, गिअरचा दांडा. तो जमिनीतून वर आलेला नसून सुकाणूच्या चाकाखालीच डाव्या अंगाला होता; मामा तो दोन बोटांनी आपल्याकडे ओढीत, वर सारीत, खाली आणीत, आणि ते इतक्या हलक्या हाताने की जणू तबल्याची वादी तपासताहेत. दांडा तेथे असल्यामुळे पायांपुढची जागा मोकळी राही, पुढची बैठक सलग असल्याने तेथेही तिघे बसत, मागे चारजण दाटीवाटीने, आणि मांडीवरची मुले हिशेबात धरण्याची वहिवाटच नव्हती. बोरघाट चढताना त्या काळच्या सगळ्याच गाड्यांप्रमाणे ती तापे. मग वळणावर बॉनेट उघडून, पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवून, सारे कुटुंब कठड्यावर दशम्या सोडून बसे.

मुंबईत ती टॅक्सी झाली तेव्हा तिचे दुसरे आयुष्य सुरू झाले, आणि माझ्या मते तेच मोठे होते. वरचे अंग पिवळे, म्हणजे लांबून दिसावे, आणि खालचे काळे, म्हणजे डाग लपावेत, ही सूचना स्वातंत्र्यसैनिक विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांनी नेहरूंना केली अशी हकीकत सांगतात. नव्वदीच्या दशकात शहरात सुमारे ६३,००० टॅक्सी होत्या आणि त्यांत बहुसंख्य पद्मिनीच. मीटर गाडीबाहेर डाव्या अंगाला बसवलेले. गिऱ्हाईक बसले की चालक पलीकडे झुकून, खिडकीतून हात बाहेर काढून ते खाली टाकी, तेव्हा घंटीचा एक किणकिणाट होई आणि भाड्याचा करारनामा पुरा होई. छताला फुलाफुलांचे रेक्झिन, आरशाला लोंबणारी लिंबू-मिरची किंवा हिरव्या कापडाची चिंधी, काचेपुढे गणपती, मक्का किंवा क्रूस: त्या आठ हात लांबीच्या खोलीत चालकाचे घर, देव आणि दुकान एकत्र नांदत. शतक पालटताना उच्च न्यायालयाच्या आदेशाने जुन्या टॅक्सी गॅसवर आल्या, तेव्हा डिकीत नळकांडे जाऊन बसले आणि प्रवाशांच्या वळकट्या टपावरच्या कॅरिअरवर चढल्या. साठ वर्षांपूर्वीच्या इटालियन एंजिनाने तोही बदल निमूटपणे सोसला.

कारखान्याला मात्र बदलता काळ सोसवला नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि प्रतीक्षेचे राज्य संपले. प्रीमियरने नवी गाडी काढली, परदेशी कंपन्यांशी भागीदारी केली, डोंबिवलीस दुसरा कारखाना चालवला. कामगारांशी तंटे झाले, आणि पद्मिनीचे उत्पादन शतकाबरोबरच आटोपले. कंपनीचे दीर्घकाळ सूत्रधार असलेले विनोद दोशी हे नाटकाचे मोठे पुरस्कर्ते होते; पुण्यात त्यांच्या नावाने भरणाऱ्या नाट्यमहोत्सवाला गर्दी करणाऱ्या तरुण मंडळींपैकी थोड्यांनाच ते नाव मोटारींशी निगडित आहे याची कल्पना असेल.

टॅक्सीच्या आयुष्याला वीस वर्षांची मर्यादा घालण्यात आली होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयाच्या दप्तरात २९ ऑक्टोबर २००३ या तारखेस झालेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या रंगातली पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावर भाडे घेईनाशी झाली. एक तरी गाडी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली.

खाजगी मालकीच्या मात्र अजून आहेत. गेल्या पावसाळ्याआधी कुर्ल्यातल्याच एका गॅरेजात मी अशी एक पाहिली. म्हातारा मिस्त्री तिच्या एंजिनावर पेचकसाचे टोक टेकवून त्याची मूठ कानाला लावून उभा होता, वैद्याने नाडी धरावी तसा, आणि आत बसलेल्या, गाडीपेक्षा वयाने खूपच लहान अशा मालकाला तो मान न वळवता सांगत होता, “चोक जरा आत ढकला, साहेब. अजून थोडा. हं, आता राहू द्या.”