पाकीटबंद पदार्थांतील मीठ

पाकीटबंद पदार्थांतील मीठ : कारखान्यात तयार होऊन बंद पाकिटातून विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांतील मिठाचे, नेमके म्हणजे सोडियमचे, प्रमाण आणि ते घटवण्याचे सार्वजनिक आरोग्याचे उपाय. प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतात २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत मिठाचे रोजचे सेवन सरासरी ८ ग्रॅम आढळले. जादा सोडियममुळे रक्तदाब वाढतो आणि त्यातून पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाचे विकार उद्भवतात.

उदाहरणार्थ, दवनीवाडा (ता. व जि. गोंदिया) हे पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यातील गाव. अशा ग्रामीण भागात पोटात जाणारे बहुतेक मीठ आजही घरच्या वरण-भाजीतून, चटणी-लोणच्यातून येते. तेवढ्यावरून पाकिटांचा प्रश्न शहरांपुरता समजणे चुकीचे ठरेल. शेव, चिप्स, मसाला नूडल्स आणि बिस्किटे आता गावोगावच्या किराणा दुकानांत पोचली आहेत. भाजीत मीठ किती घालायचे हे रांधणारी ठरवते. पाकिटातले मीठ मात्र आधीच ठरून आलेले असते आणि खाणाऱ्याला ते काढता येत नाही. म्हणून मीठ घटवण्याचा उपाय कारखान्यातच व्हायला हवा.

मीठ चवीखेरीज टिकाऊपणासाठीही लागते. पावात ते किण्वाला आवर घालते आणि कणकेला बळकटी देते. शिवाय खाण्याचा सोडा, पापडखार, अजिनोमोटो व सोडियम बेंझोएट यांतूनही सोडियम येते. त्यामुळे खारट न लागणाऱ्या बिस्किटातही ते बरेच असू शकते. वेष्टनावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापतात. त्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा अंदाज मिळतो : ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे २ ग्रॅम मीठ. हा हिशेब दुकानासमोर उभ्या मुलाने करावा, ही अपेक्षाच अवाजवी आहे. त्यात मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला तरी नियमाला पुरतो, मराठीची सक्ती नाही. लोणच्याच्या पुडीसारख्या अगदी लहान वेष्टनांना तर पोषणमूल्ये छापण्यातून सूट आहे.

ब्रिटनने २००३ नंतर उद्योगांना पदार्थवार मर्यादा आखून दिल्या आणि मीठ टप्प्याटप्प्याने उतरवले. जिभेला बदल जाणवू न देता पावातील मीठ दहा वर्षांत सुमारे एक पंचमांशाने घटले. लोकांचे सरासरी सेवन २००१ च्या सुमारास ९.५ ग्रॅम होते, ते २०११ मध्ये ८.१ ग्रॅमवर आले. दक्षिण आफ्रिकेने २०१६ पासून मर्यादा कायद्याने बंधनकारक केल्या. चिलीत त्याच वर्षी जादा सोडियमच्या पाकिटांवर काळी अष्टकोनी खूण आली. ती अक्षरओळख नसलेल्यालाही कळते.

भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ‘आज से थोडा कम’ ही मोहीम चालवली, पण तिचा रोख मुख्यतः खाणाऱ्याकडे होता. सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिटाच्या दर्शनी भागावर पोषणदर्जा दाखवणारे तारे छापण्याचा मसुदा निघाला. ताऱ्यांची ही पद्धत सदोष आहे : इतर घटकांच्या गुणांवर खारट पदार्थही बरे तारे मिळवू शकतो. इशारा सरळ शब्दांत आणि स्थानिक भाषेत हवा. २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात व भोवतीच्या ५० मीटरांत जादा मीठ, साखर व मेदाचे पदार्थ विकण्यास मनाई आहे. खेड्यातल्या शाळेलगतच्या दुकानाला हा नियम थेट लागू पडतो, आणि ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती त्याचा पाठपुरावा आजच करू शकतात.

रक्तदाबावरील उपचारांकडे पाहिले तर, दवनीवाड्याचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी ज्या भंडाऱ्यातून वेगळा झाला, तो भंडारा जिल्हा २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात होता. महाराष्ट्रातून वर्धा, सातारा व सिंधुदुर्गही होते. ठरीव उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा आणि रुग्णांचा पाठपुरावा हे त्याचे स्वरूप. बीपीची गोळी वेळेवर मिळणे मोलाचे आहेच. मात्र पाकिटातले मीठ उतरले तर त्याचा लाभ कधीच तपासणीला न आलेल्यांनाही होतो.

घरच्या मिठासाठी पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ हा दुसरा मार्ग. चीनमधील ६०० खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.