लाफार्ग मानसचिकित्सालय
अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागात मुख्यत्वे कृष्णवर्णीयांसाठी चालविण्यात आलेले अल्पशुल्क मानसोपचार केंद्र (१९४६–५८). क्यूबात जन्मलेला मिश्रवंशीय फ्रेंच समाजवादी व कार्ल मार्क्सचा जावई पॉल लाफार्ग (१८४२–१९११) याचे नाव त्यास देण्यात आले.

पहिल्या महायुद्धापासून दक्षिणेकडील राज्यांतील लक्षावधी कृष्णवर्णीय उत्तरेकडील औद्योगिक शहरांत स्थलांतरित झाले. हार्लेम ही त्यांची एक प्रमुख वसाहत. गावाकडील आप्तेष्टांचा आधार सुटलेला आणि शहरात दाटीवाटी, बेकारी व वंशभेद, अशा स्थितीत वाढणाऱ्या मुलांची मनोव्यथा पुष्कळदा गुन्हेगारी प्रवृत्ती म्हणूनच गणली जाई. त्यांना परवडतील असे मानसोपचारही दुर्मिळ होते.

जर्मनीत जन्मलेला मनोविकारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थॅम (१८९५–१९८१), कादंबरीकार रिचर्ड राइट (१९०८–६०) आणि धर्मोपदेशक शेल्टन हेल बिशप यांच्या प्रयत्नांतून मार्च १९४६ मध्ये सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात हे केंद्र सुरू झाले. ते आठवड्यातून दोन दिवस सायंकाळी उघडे असे. शुल्क केवळ २५ सेंट असून ज्यांना तेही शक्य नसे, त्यांना ते माफ होते. हिल्डे मोसे आदी चिकित्सक तेथे विनावेतन काम करीत. कर्मचारिवर्गात गौर व कृष्ण अशा दोन्ही वर्णांच्या व्यक्ती होत्या. कृष्णवर्णीयांचे मन मुळातच वेगळे असते, ही कल्पना केंद्राला अमान्य होती. मात्र रुग्णाची राहणी, रोजगार व त्याला सोसावा लागणारा वंशभेद यांचा विचार केल्यावाचून निदान पुरे होत नाही, अशी त्याची भूमिका होती. राल्फ एलिसनने १९४८ मध्ये या केंद्राविषयी लिहिलेला निबंध १९६४ मध्ये त्याच्या निबंधसंग्रहात प्रसिद्ध झाला.

शालेय विभक्तीकरणाविरुद्धच्या खटल्यांसाठी १९५१ मध्ये डेलावेअर राज्यातील कृष्णवर्णीय व गौरवर्णीय मुलांची येथे तपासणी करण्यात आली. विभक्तीकरण मुलांच्या मानसिक स्वास्थ्यास घातक असल्याची साक्ष वर्थॅमने दिली. न्यायाधीश कॉलिन्स सायट्झ याने १९५२ मध्ये कृष्णवर्णीय मुलांना गौरवर्णीयांच्या शाळांत प्रवेश देण्याचा आदेश दिला. हा आदेश सुविधांमधील विषमतेवर आधारलेला होता. तथापि विभक्तीकरणामुळेच कृष्णवर्णीय मुलांना कनिष्ठ दर्जाची शैक्षणिक संधी मिळते, असेही त्याने नमूद केले. शालेय विभक्तीकरण घटनाबाह्य ठरविणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निर्णयात या निष्कर्षाचा निर्देश आहे.

त्याच वर्षी वर्थॅमचा कॉमिक्सविरोधी ग्रंथ सिडक्शन ऑफ द इनोसन्ट प्रसिद्ध झाला. त्यातील काही मुले या केंद्रात उपचारासाठी आलेली होती. वर्थॅमची कागदपत्रे खुली झाल्यानंतर कॅरल टिली या संशोधिकेने २०१२ मध्ये असे दाखवून दिले, की आपल्या प्रतिपादनास पोषक ठरावे म्हणून त्याने मुलांची निवेदने व तपशील ठिकठिकाणी बदलले होते. ज्यांचे म्हणणे अन्यत्र कोणी ऐकून घेत नव्हते, त्यांच्याच शब्दांत असा फेरफार व्हावा, ही या कार्याची गंभीर उणीव होय. १९५८ मध्ये केंद्र बंद पडले. तथापि अल्पसंख्याक व स्थलांतरित युवकांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न समाजातील न्यायाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, हे या केंद्राने बारा वर्षांच्या प्रत्यक्ष उपचारकार्यातून दाखवून दिले.