जतन कोणाचे?

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. पण समुद्रव्यापाराचा इतिहास आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की येथील कापड गाड्यांतून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई. तेथून ते जहाजात चढे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात मी मृण्मूर्ती पाहिल्या, मणी पाहिले. ते कापड विणणारा, त्या गाड्या हाकणारा मात्र नावाने कुठे भेटला नाही.

जतन केलेल्या जहाजांचीही हीच कथा. 'ट्रिंकोमाली' हे युद्धजहाज १८१७ साली मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाचे बांधले गेले. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या संग्रहालयात पाण्यावर उभे आहे. बांधणारे म्हणून वाडियांचे नाव राहिले, ते योग्यच. परंतु लाकूड कापणारे, ओझी वाहणारे कोण होते?

आपली 'विक्रांत' १९९७ मध्ये निवृत्त झाली, पुढे मुंबईत संग्रहालय बनली. २०१२ मध्ये ते बंद झाले. २०१४ मध्ये ती भंगारात विकली गेली आणि दारूखान्यात मजुरांनी तोडली. जहाज वाचावे म्हणून लोक न्यायालयात गेले. तोडणाऱ्या हातांची स्मृती कोण राखणार?

काय ठेवायचे हे ज्यांच्या हाती, इतिहासही त्यांचाच होतो. म्हणून विद्यार्थ्यांना घेऊन संग्रहालयात जाल, तेव्हा पाटी वाचून थांबू नका. त्या पाटीवर कोण नाही, तेही वहीत लिहून घ्यायला सांगा. आपला इतिहास तेथूनच सुरू होतो.