मागच्या चाकाची खबर

ट्रेलरचं बेअरिंग जळायला लागलं की गाडी ओढणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. त्या चाकापाशी ना इंजिन, ना काटा!

१० नोव्हेंबर १९७९ च्या रात्री कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागाला, १०६ डब्यांच्या मालगाडीचं असंच झालं. ३३व्या डब्याचं बेअरिंग जुनं, बिनरोलरचं, नुसत्या तेलावर चालणारं. तेल कमी पडलं, ॲक्सल तापून मोडला, चाकं निखळली. रुळांलगतच्या लोकांना धूर, ठिणग्या दिसत होत्या, इंजिनात मात्र पत्ताच नाही. मग प्रोपेनचे स्फोट, क्लोरीनची गळती. दोन लाखांवर लोकांना घरं सोडावी लागली. तरी मेलं कोणीच नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

बरं, पुढे रोलर सर्रास झाले, रुळांलगत तापमान मोजणारे सेन्सरही सर्रास झाले. तरीही ३ फेब्रुवारी २०२३ ला ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाईनला तेच! एका सेन्सरला बेअरिंग हवेपेक्षा १०३ अंश फॅरनहाइटने जास्त गरम दिसलं. गाडीला इशारा द्यायची मर्यादा १७०, म्हणून गाडीपुरता तो गप्प. (आम्ही सॉफ्टवेअरवाले असे आकडे किती सहज टाकतो!) पुढचा सेन्सर सुमारे २० मैलांवर. तिथे २५३. अलार्म वाजला, पण गाडी थांबेपर्यंत डबे घसरले होते.