विद्यापीठाचे वर्ष आणि उन्हाळ्याची सुटी

महाराष्ट्रातील विद्यापीठांचे वर्ष जूनमध्ये उघडते, मार्च ते मे या काळातील परीक्षांनी मिटते आणि उरलेल्या उन्हाळ्याला सुटी म्हणतात, ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की ती ऋतुमानानेच घालून दिली असावी असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ती माणसांनी ठरवलेली आणि एकदा मुळापासून बदललेली व्यवस्था आहे. हा बदल, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या ग्रामीण प्रदेशाच्या सार्वजनिक विद्यापीठापुढे त्यातून उभे राहिलेले प्रश्न, एकत्र पाहिले तर उन्हाळ्याचे नियोजन हा शैक्षणिक नियोजनाचाच भाग आहे, हे स्पष्ट होते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना 18 जुलै 1857 रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. ते स्वतः शिकवीत नसे. संलग्न महाविद्यालयांत शिकलेल्यांची परीक्षा घेणे आणि पदवी देणे एवढेच त्याचे काम होते, आणि म्हणून परीक्षेचा महिना हाच त्याच्या वर्षाचा कणा होता. ही परीक्षा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिवाळ्याच्या तोंडाशी होत असे. त्याच्या खुणा सर्वपरिचित चरित्रांतही सापडतात. मोहनदास गांधी 1887 च्या नोव्हेंबरमध्ये मॅट्रिकची परीक्षा देऊन 1888 च्या जानेवारीत भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात दाखल झाले; विनायक दामोदर सावरकर 1901 मध्ये मॅट्रिक होऊन 1902 च्या जानेवारीत फर्ग्युसन महाविद्यालयात आले; भीमराव आंबेडकर 1907 मध्ये मॅट्रिक होऊन 1908 च्या जानेवारीत एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले. खुद्द फर्ग्युसन महाविद्यालय 2 जानेवारी 1885 रोजी उघडले. महाविद्यालयीन वर्ष जानेवारीत सुरू होत असल्याने नव्या महाविद्यालयाला दार उघडण्यास तोच मुहूर्त सोयीचा होता.

या पंचांगात उन्हाळा वर्षाच्या मध्यावर येई. उन्हाच्या दिवसांत सरकारी कारभार थंड हवेच्या ठिकाणी हलवण्याची आणि न्यायालये बंद ठेवण्याची इंग्रजी अमलातील रीत महाविद्यालयांनीही उचलली; पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही सुटी दोन सत्रांमधील, म्हणजे वर्षाच्या दोन अध्यापन-विभागांमधील, विश्रांती होती. परीक्षा अजून दूर असे, वाचलेले मुरवायला वेळ मिळे आणि प्राध्यापकांच्या डोक्यावर उत्तरपत्रिकांचा भार नसे. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला याच मोकळ्या दिवसांत बहरली. महाविद्यालये बंद असताना गावाने एकत्र बसून इतिहास, अर्थकारण आणि समाजसुधारणा यांवर ऐकावे, ही कल्पना म्हणजे विद्यापीठाबाहेर भरणारे उन्हाळी सत्रच होते, आणि ते विद्यापीठाच्या कोणत्याही ठरावाशिवाय चालत राहिले.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत चित्र पालटले होते. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय 22 जून 1919 रोजी सुरू झाले. फर्ग्युसनचा जानेवारी आणि विलिंग्डनचा जून यांत मुंबई विद्यापीठाच्या पंचांगाचे स्थलांतर दिसते. वर्ष पावसाळ्याबरोबर सुरू होऊ लागले आणि उन्हाळा मध्यावरून अखेरीस गेला. त्याबरोबर सुटीचे स्वरूपही बदलले. विश्रांती आणि वाचन यांच्या जागी लेखी परीक्षा, उत्तरपत्रिकांची तपासणी, निकाल आणि नवे प्रवेश यांची साखळी आली, आणि विद्यापीठाच्या दप्तरात उन्हाळा हा सर्वांत धावपळीचा, तर अध्ययनाच्या दृष्टीने सर्वांत ओसाड काळ ठरला.

पुणे विद्यापीठाला (1949), मराठवाडा विद्यापीठाला (1958) आणि शिवाजी विद्यापीठाला (1962) हेच पंचांग वारशाने मिळाले. शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले आणि डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांतील 34 महाविद्यालये आणि सुमारे 14,000 विद्यार्थी यांच्यासह त्याचा कारभार सुरू झाला. या विद्यार्थ्यांत शेतकरी घरांतील पहिल्या पिढीचे शिकणारे मोठ्या संख्येने होते, आणि त्यांचा उन्हाळा पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांतल्या उन्हाळ्यासारखा नव्हता.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील शेतीचे वर्ष पाहिले की हा फरक लक्षात येतो. मार्च-एप्रिलकडे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आटोपतो. मग नांगरट, ढेकळे फोडणे, कुळवाच्या पाळ्या आणि शेणखत पसरणे ही मशागत मे महिनाभर चालते. राधानगरी, भुदरगड, आजरा या तालुक्यांत मेच्या अखेरीस रोहिणी नक्षत्रावर भाताची धूळवाफ पेरणी होते. पाऊस पडण्यापूर्वी कोरड्या, भुसभुशीत मातीत बी पेरून ठेवण्याची ही पद्धत आहे. जून उजाडला की मृगाची वाट पाहणे आणि उरलेली पेरणी साधणे यांत घरातला प्रत्येक हात लागतो, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात महाविद्यालयांत प्रवेशाची धांदल उडते. अशा विद्यार्थ्यासाठी सुटी म्हणजे घरच्या शेतावरचा कामाचा हंगाम होता. तो ओळखूनच नियोजन करणे हे प्रादेशिक विद्यापीठाचे खरे काम होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेले, श्रमाच्या मोबदल्यात शिकण्याचे ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व शिवाजी विद्यापीठाने आपल्या वसतिगृहात स्वीकारले. श्रम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याची ही वाट त्याच जाणिवेतून निघाली होती.

देशाच्या पातळीवर हा विचार आधीपासून होत होता, आणि दोन दुव्यांनी तो कोल्हापूरशी जोडलेला आहे. शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन करणारे राधाकृष्णन हेच 1948-49 च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचे अध्यक्ष होते. परीक्षेचे दिवस वगळून वर्षात किमान 180 दिवस अध्यापन व्हावे आणि सुमारे 11 आठवड्यांची तीन सत्रे असावीत, अशी या आयोगाची शिफारस होती. दुसरा दुवा जे. पी. नाईक यांचा. कोल्हापूर जिल्ह्यातील आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत अग्रभागी असलेले नाईक 1964-66 च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. या आयोगाने महाविद्यालयांत वर्षाला सुमारे 36 आठवडे अध्यापन व्हावे असे सुचवले, आणि सुट्यांचा पूर्ण उपयोग अभ्यास, समाजसेवेची शिबिरे, उत्पादक कामाचा अनुभव आणि साक्षरतेच्या मोहिमा यांसाठी करावा असेही सांगितले. सुटी हे शिक्षणाचेच साधन आहे, हा विचार येथे धोरणाच्या भाषेत आला.

त्या विचाराला काही फळे आली. विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्यांचे ज्ञान अद्ययावत करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 1963 पासून उन्हाळी संस्था, म्हणजे सुटीतील काही आठवड्यांचे प्रशिक्षणवर्ग, भरवण्यास आरंभ केला. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, राष्ट्रीय सेवा योजना 37 विद्यापीठांत सुरू झाली, आणि महाराष्ट्र दुष्काळात होरपळत असताना 1973 मध्ये तिच्या शिबिरांनी दुष्काळाविरुद्ध तरुणांना उभे करण्याचा विषय घेतला. तथापि महाराष्ट्रातील महाविद्यालयांची निवासी शिबिरे पुढे बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरू लागली, कारण एप्रिल आणि मे हे महिने परीक्षेने व्यापलेले होते. जी सुटी सेवेसाठी आणि अनुभवासाठी वापरावी असे आयोगांना वाटत होते, ती शिल्लकच राहत नव्हती.

परीक्षेच्या या विस्ताराचा परिणाम शिक्षकांवरही झाला. पूर्वी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परीक्षकांच्या घरी जात. नंतर सर्वांनी ठरावीक केंद्रावर बसून तपासण्याची पद्धत आली, आणि ‘कॅप’ या नावाने ओळखले जाणारे हे मध्यवर्ती मूल्यांकन प्राध्यापकांच्या उन्हाळ्याचा नित्यक्रम बनले. नियमांच्या भाषेत विद्यापीठीय शिक्षक सुटी उपभोगणाऱ्या वर्गात मोडतो, म्हणून त्याला अर्जित रजा कमी मिळते. सुटीत कामावर बोलावल्यास त्या दिवसांच्या एक-तृतीयांश इतकी रजा जमा करण्याची तरतूद अनुदान आयोगाच्या नियमांत आहे. संशोधन आणि वाचन यांसाठी दिलेला वेळ अशा रीतीने हिशेबाच्या वहीत शिरला. 2010 नंतरच्या काळात पदवीच्या वर्गांना सत्रपद्धती लागू होत गेली, तेव्हा वार्षिक परीक्षेच्या जागी वर्षाला दोन परीक्षा आल्या आणि उन्हाळ्यावरील ताण वाढला. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निकाल 30 दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांत, लावण्याचे बंधन घातलेले आहे.

आज अनुदान आयोगाच्या निकषांनुसार महाविद्यालयाच्या 52 आठवड्यांपैकी 30 अध्यापनाला, 10 प्रवेश, परीक्षा व इतर उपक्रमांना, 10 सुट्यांना आणि 2 सार्वजनिक सुट्यांना नेमून दिलेले आहेत. 2022 च्या अखेरीस आलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात आठ आठवड्यांच्या उन्हाळी सत्राची कल्पना आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्याला या काळात कामावर आधारित व्यावसायिक शिक्षणाची 4 श्रेयांक मिळवावे लागतात, आणि श्रेयांक म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे मोजमाप. उत्पादक कामाचा अनुभव सुटीत मिळावा, ही कोठारी आयोगाची सूचना अर्धशतक उलटल्यावर नियमात उतरली आहे.

ही तरतूद फळाला यायची असेल तर प्रत्येक विद्यापीठाने आपल्या प्रदेशाचा उन्हाळा अभ्यासला पाहिजे. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला साखर कारखान्याची प्रयोगशाळा, इचलकरंजीचे माग, दूध संघ आणि घरची धूळवाफ पेरणी ही सर्व अनुभवाची क्षेत्रे आहेत; राजधानीत आखलेल्या साच्यात ती आपोआप बसणार नाहीत. शैक्षणिक दिनदर्शिका मंजूर करणाऱ्या विद्या परिषदेने परीक्षेच्या तारखांआधी उन्हाळ्याचे आठ आठवडे निश्चित करावेत, त्यांना हात लावू नये, आणि शेतावर राबणाऱ्या विद्यार्थ्याच्या कामालाही श्रेयांक मिळण्याची सोय करावी. पंचांग जानेवारीवरून जूनवर नेता आले, तर एवढा बदल विद्यापीठांच्या आवाक्यातला निश्चितच आहे.