जुन्नरचे वेळूकाम

जुन्नरच्या लेण्यांत, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील एका प्राकृत दानलेखात, वासकारांच्या, म्हणजे बहुधा वेळूकाम करणाऱ्यांच्या, श्रेणीच्या (व्यावसायिक संघाच्या) नावापुढे पावणेदोन आणि कासारांच्या श्रेणीपुढे अवघा पाव असा आकडा कोरलेला आहे. आणि ज्या व्यवसायाला पुढे गावकुसाच्या कडेला जागा मिळाली, त्याची एके काळी धर्मदायाच्या व्यवहारात एवढी पत असावी, हे वाचून आपल्या सामाजिक प्रगतीविषयी थोडी शंका येते. नाणेघाटाकडून जुन्नरात येणाऱ्या मालाला टोपल्या, करंडे लागतच असणार.

जुन्नरशेजारच्या आंबेगावच्या पश्चिमेस, भीमाशंकरच्या डोंगरउतारांवर, महादेव कोळ्यांच्या कुडाच्या भिंती, कणग्या आणि आवणीच्या पावसातली इरली यांस बांबूच आधार. सूप, परडी, डालगे विणावे ते बुरुडांनी. १८७८च्या जंगल कायद्याने मात्र वनस्पतिशास्त्राने गवत ठरविलेल्या बांबूस वृक्षांत गणले, आणि सरकारी जंगलातील तोड परवान्याच्या अमलाखाली आली. २००६च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला. वृक्षाच्या व्याख्येतून तो वगळण्यास २०१७ साल उजाडले. तोवर बाजारात प्लॅस्टिकची सुपे आली होती.